जप्तीचे कागद

पुण्यात ज्याने थोडाफार इतिहास वाचला आहे, त्याला जप्त झालेले दप्तर म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि रोजकीर्दी, ताळेबंद, इनामपत्रे, फडणिशीच्या नोंदी असा शतकभराचा कागद कंपनी सरकारच्या हाती गेला. ज्या साहेबांनी तो जपला त्यांच्या मनात मराठ्यांचा इतिहास मुळीच नव्हता, कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे आणि कोणाकडून किती सारा येणे आहे एवढेच त्यांना त्यातून काढावयाचे होते. आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर याच कागदांच्या आधारे कित्येक घराण्यांची इनामे खालसा झाली. पुढे १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांनी त्याच रुमालांतून वेचलेले ४५ खंड प्रसिद्ध केले. जेत्याने वसुलासाठी सांभाळलेले दप्तर जितांच्या नातवंडांनी आपला भूतकाळ म्हणून वाचावयास घेतले. माझा व्यवसाय परदेशातील, माझे कागद जपानी, आणि ते ज्या युद्धातले आहेत त्याचा रंग दख्खनच्या लढायांहून अगदी वेगळा. तरीही या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी पुण्यातल्या त्या दप्तराने घडविली आहे, म्हणून आरंभी त्याचे स्मरण करणे मला भाग आहे.

जपानी मी पुण्यातच शिकले. या शहरात त्या भाषेचे शिक्षण गेल्या कित्येक वर्षांत चांगले रुजले असून बहुतेक विद्यार्थी त्यातून कारखान्यांच्या व संगणकाच्या व्यवसायाकडे जातात. मी मात्र त्याच सुमारास भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचावयास शिकत होते, आणि लेखणी न उचलता धावत जाणाऱ्या त्या लिपीची जी सवय डोळ्यांना लागली, तिचा उपयोग पुढे घाईघाईने, ओल्या कागदावर, शिसपेन्सिलीने लिहिलेल्या जपानी अक्षरांसाठी होईल असे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. छापील जपानी वाचणारे पुष्कळ असतात. सैनिकाच्या हातची, युद्धपूर्व जुन्या वळणाची, अर्धी जोडून लिहिलेली चित्रलिपी वाचणारे जपानातही आता थोडे उरले आहेत. हे काम मला कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या संशोधन कक्षात घेऊन गेले.

ही संस्था एकाच वेळी स्मारक, वस्तुसंग्रहालय आणि दप्तरखाना आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याबरोबर राहून त्याचा इतिहास लिहिणाऱ्या चार्ल्स बीन यांनी त्या युद्धातील मृतांसाठी तिची कल्पना केली. ती वास्तू प्रत्यक्षात खुली झाली ११ नोव्हेंबर १९४१ रोजी, आणि त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच जपानशी युद्ध सुरू झाले, म्हणजे एका युद्धाच्या शोकासाठी बांधलेल्या घराला बांधून होताक्षणीच दुसऱ्याचा शोक पोटात घ्यावा लागला. अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या ओवऱ्यांत ब्राँझच्या पत्र्यांवर एक लाखाहून अधिक नावे कोरलेली आहेत आणि लोक त्यांच्या फटींत तांबडी खसखशीची फुले खोचून जातात. मी ज्यांचे कागद वाचते त्यांची नावे तेथे नाहीत, असावीत अशी अपेक्षाही नाही. परंतु त्यांच्या हातच्या वह्या त्याच छपराखाली, समतापमानाच्या खोलीत, आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. अशा ठिकाणी शत्रूचा कागद आपल्या माणसांच्या कागदाइतक्याच काळजीने सांभाळला जातो, ही गोष्ट मला नेहमी मोठी वाटत आलेली आहे.

हे कागद तेथवर कसे आले, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. जुलै १९४२ मध्ये जपानी सैन्य न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर बूना–गोना भागात उतरले आणि ओवेन स्टॅन्ली पर्वत ओलांडून पोर्ट मोर्सबीकडे जाणाऱ्या कोकोडाच्या वाटेने चढू लागले. त्यांच्याशी लढणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आले की मेलेल्या जवळजवळ प्रत्येक सैनिकाच्या खिशात काहीतरी लिहिलेले सापडते. मित्रराष्ट्रांच्या सैनिकांना आघाडीवर रोजनिशी ठेवण्यास मनाई होती. जपानी सैन्यात तशी बंदी नव्हती, उलट नववर्षाला सैनिकांना रोजनिशीच्या वह्या दिल्या जात आणि प्रशिक्षणकाळात वरिष्ठ त्या तपासतही असत. शाळेपासून रोज काही लिहिण्याची सवय असलेल्या त्या पिढीने समुद्रापलीकडेही ती सोडली नाही. शिवाय जानेवारी १९४१ मध्ये जनरल तोजो यांच्या सहीने निघालेल्या सैनिकी आचारसंहितेत कैद होणे हीच मोठी बेअब्रू ठरविलेली असल्यामुळे, पकडले गेल्यास काय बोलावे, काय लपवावे आणि कोणते कागद जवळ बाळगू नयेत याचे शिक्षण त्या सैनिकांना कोणी दिलेच नव्हते.

सप्टेंबर १९४२ मध्ये ब्रिस्बेन येथे मित्रराष्ट्रांचे एक संयुक्त भाषांतर खाते स्थापन झाले आणि ते कर्नल सिडनी मॅशबर यांच्या हाती आले. त्या खात्याचा कणा होते निसेई, म्हणजे अमेरिकेत जन्मलेली जपानी मुले. त्यांतील कित्येकांचे आईबाप त्या वेळी अमेरिकेतच काटेरी तारांच्या छावण्यांत स्थानबद्ध होते. मायबापांना शत्रू ठरविणाऱ्या सरकारच्या गणवेशात बसून, मायबापांच्या भाषेत लिहिलेल्या मृतांच्या वह्या वाचावयाच्या, हे काम त्यांनी कोणत्या मनःस्थितीत केले असेल याचा विचार केल्यावाचून त्यांचे एकही भाषांतर मला हातात घेववत नाही. त्यांनी केलेली भाषांतरे चक्रमुद्रित होऊन तत्काळ आघाडीवर जात. मार्च १९४३ मधील बिस्मार्क समुद्राच्या लढाईत जपानी ताफ्याची आठही वाहतूक जहाजे बुडाली, आणि त्यानंतर गुडइनफ बेटाला वाहत आलेल्या एका नावेत जपानी लष्करातील सुमारे ४०,००० अधिकाऱ्यांची नामावली मिळाली. ती या खात्याने इतक्या त्वरेने उलगडून छापली की पुढील काळात कोणत्याही कागदावर एखाद्या अधिकाऱ्याचे नाव दिसताच तो कोठला, कोणत्या हुद्द्याचा, हे सांगणे शक्य झाले.

जप्त कागदाबरोबर एक चिठ्ठी असते. कोणत्या ठिकाणी, कोणत्या तारखेस, कोणत्या पलटणीने हा कागद मिळविला, प्रेतावर मिळाला की खंदकात, एवढे त्या चिठ्ठीवर असावे असा शिरस्ता होता. तो नेहमी पाळला गेला नाही, कारण आघाडीवरचा शिपाई एखादी वही आठवण म्हणून स्वतःच्या पिशवीत टाकी आणि तशा वह्या पुढे कित्येक वर्षांनी त्याच्या वारसांकडून संग्रहालयात येत, तेव्हा त्यांच्याबरोबर फक्त ‘न्यू गिनी’ एवढाच तपशील उरलेला असे. ज्या कागदाची चिठ्ठी हरवली त्याचे निम्मे आयुष्य हरवले, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. नुसत्या मजकुरावरून त्याचे ठिकाण पुन्हा शोधावयाचे तर फार बारकाईने चालावे लागते. तारीख सम्राटाच्या कारकिर्दीच्या वर्षात असते, म्हणजे शोवा १७ म्हणजे १९४२, आणि काही वह्यांत नुसताच दिवस. मोडी कागदावरील सुहूर सन व मुसलमानी महिना उलगडताना जशी जंत्री जवळ ठेवावी लागते तशी येथेही लागते. पलटणीचे नाव क्वचितच सरळ लिहिलेले असते. प्रत्येक मोठ्या दलाला एक सांकेतिक अक्षर दिलेले होते: अठरावी आर्मी ‘मो’, विसावी डिव्हिजन ‘आसा’, एकेचाळिसावी ‘कावा’, एक्कावन्नावी ‘मोतो’, त्या अक्षराच्या पुढे आकडा. हा आकडा आणि पावसाची, नदीच्या पुराची किंवा बाँबहल्ल्याची एखादी नोंद ऑस्ट्रेलियन पलटणीच्या युद्धरोजनिशीशी जुळली, की त्या निराधार वहीला गाव आणि दिवस मिळतो. असा जोड लागल्याचे समाधान या व्यवसायातील सर्वांत निर्मळ समाधानांपैकी एक आहे.

परंतु ज्या गोष्टीसाठी मी हे सर्व लिहीत आहे ती याच्या पुढे आहे. भाषांतरकाराला वेळ नव्हता. त्याच्या टेबलावर कागदांचे ढीग होते आणि त्याला हवे होते ते उद्याच्या लढाईला उपयोगी पडेल तेवढेच. म्हणून वहीतून उतारे काढावयाचे आणि बाकीचा मजकूर लष्करीदृष्ट्या निरुपयोगी म्हणून सोडून द्यावयाचा, हीच पद्धत योग्य होती. युद्ध संपल्यावर मात्र या सोडलेल्या आणि घेतलेल्या मजकुराची किंमत उलटी होऊन बसली. तोफेची जागा, तुकडीचे बळ, दारूगोळ्याचा साठा हे सर्व आता इतर साधनांतून निःसंशय माहीत आहे. आणि भाषांतरकाराने जे वगळले ते दुसऱ्या कोठेही लिहिलेले नाही. म्हणून मूळ वही आणि तिचे युद्धकालीन भाषांतर ही दोन्ही एकाच पेटीत उपलब्ध असतील तेव्हा मी ती शेजारी ठेवून वाचते, आणि भाषांतरात जेथे टिंबे आहेत तेथे मूळ अक्षरांवर अधिक वेळ थांबते.

अशा एका वहीविषयी सांगते. बूनाच्या परिसरात मिळालेली, तळहाताएवढी, कडा कुजलेली ही वही १४४ व्या रेजिमेंटच्या एका शिपायाची. ती रेजिमेंट शिकोकू बेटावरील कोची प्रांतात भरती झालेली. भाषांतरात या वहीची जेमतेम अर्धी बाजू आली आहे: कोणत्या दिवशी कोठून माघार, अधिकाऱ्याचे नाव, नदी ओलांडल्याची नोंद. मूळ वहीत जवळजवळ प्रत्येक दिवशी तांदळाचा आकडा आहे. जपानी सैनिकाचा नेमलेला शिधा दिवसाला सहा ‘गो’ तांदूळ. हा शिपाई तीनवर, मग दोनवर आलेला दिसतो, मग ‘गो’ हे माप नाहीसे होऊन ‘मूठ’ येते, आणि नंतर रताळ्याचे वेल, कोवळे देठ. ज्या दिवशी शिधा मिळाला नाही त्या दिवशीही तो शून्य लिहितो. मध्येच, नोव्हेंबरात, घरी दुसऱ्या पिकाची कापणी सुरू झाली असेल अशी एक ओळ आहे. कोचीच्या सखल भागात त्या काळी वर्षाला भाताची दोन पिके घेत असत हे ज्याला माहीत नसेल त्याला तिचा अर्थच लागावयाचा नाही, आणि ब्रिस्बेनच्या भाषांतरकाराला तो लागला असला तरी ती ओळ छापून सेनापतीला काय करावयाचे होते? आणखी एके ठिकाणी नदीकाठची माती काळी व जड आहे, येथे बांध घातले तर भात होईल, असे त्याने लिहिले आहे. शेवटच्या काही पानांवर अक्षर मोठे होत जाते, चित्रलिपीची कठीण अक्षरे गळून साधी उच्चारलिपी उरते, आणि ओळी कागदाच्या कडेकडे घसरू लागतात. त्याचे नाव मी येथे देत नाही. ते छापलेले पाहणे त्याच्या घरच्यांना रुचेल की नाही हे विचारण्याची सोय मला अद्याप झालेली नाही.

ही वही वाचून ज्याचे मन हलणार नाही असा वाचक मला भेटलेला नाही. तथापि तेवढ्यावरच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच १४४ व्या रेजिमेंटच्या सैनिकांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यू ब्रिटनमधील टोल येथील मळ्यात, शरण आलेल्या सुमारे १६० ऑस्ट्रेलियन सैनिकांना हात बांधून ठार मारले. माझ्या शिपायाची वही त्यानंतरच्या काळात सुरू होते. तो टोलला होता की नव्हता हे वहीवरून कळत नाही, आणि जे कळत नाही ते त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध गृहीत धरण्याचा मला अधिकार नाही. भाताच्या बांधाचा विचार करणारा आणि हात बांधलेल्यावर संगीन चालविणारा हे एकाच पलटणीत, एकाच शिजवलेल्या भातावर जगत होते. कदाचित तो एकच माणूसही असेल. जप्त कागदांचा अभ्यास करणाऱ्याने ही शक्यता मनात जागी ठेवूनच त्या भातावर आणि त्या मातीवर प्रेम करावे असे मला वाटते, आणि हे जमावयास मला फार काळ लागला.

जप्तीचा दुसरा प्रकार अगदी निराळा, आणि त्याचे परिणाम अफाट. जानेवारी १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याने सियो हे न्यू गिनीच्या किनाऱ्यावरील ठिकाण घेतले. मागे हटणाऱ्या विसाव्या डिव्हिजनला आपली सांकेतिक पुस्तके बरोबर नेता येईनात आणि सततच्या पावसात ती जाळणेही अवघड झाले. तेव्हा नष्ट केल्याचा पुरावा म्हणून पुस्तकांची वेष्टने तेवढी फाडून घेण्यात आली आणि पुस्तके एका लोखंडी पेटीत घालून ओढ्याच्या डबक्यात दडविण्यात आली. सुरुंग शोधणाऱ्या इंजिनियर सैनिकाच्या यंत्राने त्या पेटीचा ठाव लावला. पुस्तके ब्रिस्बेनला पोहोचली, तेथे एकमेकांना चिकटलेली पाने एक एक सुटी करून वाळविण्यात आली, आणि त्यानंतर जपानी भूसेनेचे संदेश मित्रराष्ट्रांना फार मोठ्या प्रमाणावर वाचता येऊ लागले. वेवाकच्या आसपास जपानी बळ एकवटले आहे आणि पश्चिमेकडील हॉलंडिया तुलनेने दुबळे आहे हे त्यातून उमगल्यामुळे २२ एप्रिल १९४४ रोजी मॅकआर्थरच्या सैन्याने वेवाकला वळसा घालून सरळ हॉलंडियात पाऊल ठेवले. जनरल आदाची यांची अठरावी आर्मी जंगल आणि समुद्र यांच्यामध्ये कोंडली गेली. सप्टेंबर १९४५ मध्ये ती शरण आली तेव्हा सुमारे १३,००० माणसे उरली होती; बाकीच्यांतील बहुसंख्य उपासमार व हिवतापाने गेली.

युद्धाच्या इतिहासात सियोच्या पेटीची कथा यशाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण त्या कोंडलेल्या प्रदेशात केवळ जपानी नव्हते. सिंगापूरच्या पाडावानंतर कैद झालेल्या हिंदी सैनिकांपैकी सुमारे ३००० जणांना १९४३ मध्ये मजुरीसाठी वेवाकला आणलेले होते. जपान्यांचा शिधा आटला तेव्हा त्यांचा अगोदर आटला. औषध नाही, मारझोड रोजची. त्यांतून सुमारे २०० जिवंत परतले. फ्रंटियर फोर्स रेजिमेंटचे चिंत सिंग सेपिक नदीवरील अंगोरम येथे आपल्या दहा सोबत्यांसह सुटले. ते सोबती मायदेशी परतताना विमान अपघातात दगावले, आणि युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांतील साक्षीसाठी मागे ठेवून घेतल्यामुळे एकटे चिंत सिंग वाचले. खटल्यांत आरोपींच्या वकिलांनी असा मुद्दा मांडला होता की ही माणसे युद्धकैदी नव्हतीच, स्वखुशीने जपानी चाकरीत आलेली होती. आणि चिंत सिंग यांची साक्ष या मुद्द्यावरही मोलाची ठरली.

वेवाकच्या बाजूचे जपानी कागद मी पूर्वी रसदेच्या अभ्यासासाठी पाहत असे. आता ते या हिंदी माणसांसाठी पुन्हा पाहते आहे. मूळ कागदांत ती जवळजवळ केवळ आकड्यांच्या रूपाने आढळतात: शिध्याच्या तक्त्यात एका रकान्याच्या डोक्यावर ‘हिंदी’ आणि खाली संख्या, एखाद्या धक्क्यावरील हमालीच्या हुकुमात संख्या, आजाऱ्यांच्या फर्दीत संख्या. युद्धकालीन भाषांतरकारांना या रकान्याचा उपयोग नव्हता, म्हणून भाषांतरांत तो सहसा येतच नाही. मूळ तक्ताच पाहावा लागतो. क्वचित एखादे नाव मिळते, तेही जपानी उच्चारलिपीत. तिच्यात ‘ल’ आणि ‘र’ एकच, ‘भ’ आणि ‘ब’ एकच, आणि जोडाक्षर फोडून लिहिलेले, त्यामुळे मूळ पंजाबी किंवा डोगरी नावाच्या चार-सहा शक्यता मांडून त्या रेजिमेंटच्या नामावलीशी ताडून पाहाव्या लागतात. ले येथे आणि राबाउलजवळ बिटा पाका येथे राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशानभूमी आहेत; तेथे हिंदी सैनिकांच्या कित्येक कबरींवर नाव नाही.

या कागदांवर हक्क कोणाचा, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. अमेरिकेने नेलेले जपानी लष्कराचे व नौदलाचे मूळ दप्तर १९५८ मध्ये जपानला परत दिले गेले आणि तेथील संरक्षण खात्याच्या इतिहासकारांनी त्याच्या आधारे १०२ खंडांचा युद्धेतिहास सिद्ध केला. सरकारी दप्तराच्या बाबतीत हाच न्याय उचित होता. खासगी वहीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जपानी वाङ्मयाचे पुढे अग्रगण्य पंडित झालेले डोनाल्ड कीन युद्धात अमेरिकन नौदलाचे भाषांतरकार होते. काही वह्यांच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत, ही वही माझ्या घरी पोहोचवावी अशी विनंती आढळे, तशा वह्या त्यांनी युद्धानंतर परत देण्यासाठी मेजात लपवून ठेवल्या, आणि झडतीत त्या काढून घेतल्या गेल्या. माझे मत असे झाले आहे की जिचा वारस सापडतो ती वही वारसाला द्यावी आणि तिची छायाप्रत, चिठ्ठीसह, संग्रहालयात राहावी. संशोधकाला मूळ कागदाचा स्पर्श गमवावा लागला तरी चालेल. सगळे सहकारी याला अनुकूल नाहीत, कारण कागदाचा पोत, शाईचा प्रकार, पानांवरचे डाग हाही पुरावाच आहे. त्यांचे म्हणणे मी हलके लेखत नाही.

मात्र आकड्यांच्या रूपाने उरलेल्या माणसांच्या बाबतीत परत करण्यासारखी वहीच नाही. म्हणून सध्या मी वेवाकच्या शिधातक्त्यांतील हिंदी रकान्याची तारीखवार फेरिस्त करते आहे: कोणत्या तळावर, कोणत्या दिवशी, किती जणांना किती तांदूळ, पुढील तक्त्यात आकडा किती उतरला, आणि त्या उतरण्याच्या आसपास वाचलेल्यांच्या साक्षींत त्या तळावरील कोणाच्या मृत्यूचा उल्लेख येतो का. काही ठिकाणी दोन्ही बाजू जुळू लागल्या आहेत. बहुतेक ठिकाणी अजून नाहीत, आणि पाहावयाच्या पेट्या पुष्कळ उरल्या आहेत.